शब्दचर्चा: पीसीच्या बातमीतला ‘खप’ आणि ‘अव्वल’

राजारामपुरीकर: पेपरच्या अर्थपानावर सारखं वाचतोय, ‘पीसीच्या खपात लेनोवो अव्वल, मग एचपी, डेल.’ आता हे आकडे आयडीसीचे, म्हणजे बाजाराची मोजदाद करणाऱ्या कंपनीचे, आणि ते असतात शिपमेंटचे. म्हणजे कंपनीनं डीलरकडं धाडलेला माल, गिऱ्हाईकानं घरी नेलेला न्हवे. माझ्या दुकानात मागच्या रॅकला सीलबंद लॅपटॉप धूळ खात पडल्यात ते सुद्धा तिकडं कवाच मोजून झालेत. ह्याला खप कसं म्हणायचं ओ?

मराठीच्या बाई: ‘पाठवणी’ म्हणा.

राजारामपुरीकर: नको बाई, सनई ऐकू येतीया.

यार्डातला: आमच्याकडं शब्द तयार हाईत की. कोल्हापूरच्या शाहू मार्केट यार्डात गुळाची आवक वेगळी आणि उठाव वेगळा, आवक दणकून झाली आणि उठाव नसला की गुळाचे रवे (ढेपा) तसंच पडून. गुळाच्या बातमीत कुणी ह्यात घोळ घालत न्हाई, कॉम्प्युटर आला की सगळाच खप. कंपनीच्या बाजूनं बघितलं तर ‘जावक’, विषय संपला.

मराठीच्या बाई: जावक म्हटलं की मला ऑफिसातलं टपालाचं रजिस्टर दिसतं, पण अर्थ बरोबर बसतो. माझी तक्रार ‘अव्वल’बद्दल आहे. अव्वल कशात ते आधी सांगा ना! अमेरिकी कंपन्यांची फॉर्च्युन ५०० यादी लागते वर्षाच्या महसुलावर, फोर्ब्सची जगभरच्या कंपन्यांची ग्लोबल २००० विक्री, नफा, मालमत्ता आणि बाजारमूल्य चारही बघून. ऑगस्ट २०१८ मध्ये अॅपलचं बाजारमूल्य एक लाख कोटी डॉलरवर गेलं, तेव्हा पीसीच्या नगांत ती पहिल्या तिनातही नव्हती. दोन्हीकडं अव्वलच लिहिलं तर वाचणाऱ्यानं काय समजायचं. त्यात आयडीसीसारखीच मोजदाद करणारं गार्टनर वर्षानुवर्षं क्रोमबुक, म्हणजे गुगलच्या क्रोम ओएसवरचे लॅपटॉप, पीसीत धरत नव्हतं आणि आयडीसी धरायचं, म्हणजे तिमाही तीच पण आकडे वेगळे.

यार्डातला: आणि यादीतल्या नंबरला ‘मानांकन’ लिवतात ते?

मराठीच्या बाई: ते यादीतल्या नंबरला नको. कंपनीची कर्ज फेडायची पत तपासून क्रिसिल देते ते पतमानांकन, टेनिसमध्ये असतं ते मानांकन, इथं नुसती क्रमवारी. ‘फॉर्च्युन ५०० चा मान मिळाला’ हे तर फारच झालं. १९८३ मध्ये अॅपल ४११ व्या नंबरवर आली, ती यादीत ‘बसली’, कुणी शाल-श्रीफळ दिलं नाही, महसुलाची बेरीज तेवढी भरली. मान म्हणायचा तर त्याच वर्षी जानेवारीत टाइम साप्ताहिकानं ‘मॅन ऑफ द इयर’ सोडून ‘मशीन ऑफ द इयर’ म्हणून कॉम्प्युटरला निवडलं तो, कारण ते संपादकांनी ठरवलं. आणि तोही कुठल्या एका कंपनीला नव्हता.

राजारामपुरीकर: मग मथळा काय करायचा? ‘पीसीच्या जावकीत लेनोवो पुढं’?

यार्डातला: जावकीत नको, पोरं हसतील. ‘डीलरकडं सर्वात जास्त माल लेनोवोचा’ लिवा. उठावाचं तुमच्या रॅकला विचारू.