सांगलीची जुनी डिझायर घेताना

दादा, नवीन बेस डिझायर की तेवढ्याच पैशात वापरलेली टॉप मॉडेल, असं विचारलंय तुम्ही. चालवायला मला जुनीच आवडते. तिचं चार सिलिंडरचं इंजिन २०२४ मध्ये आलेल्या नव्या मॉडेलच्या तीन सिलिंडरवाल्यापेक्षा मऊ. पण सांगलीची गाडी म्हटलं की २०१९ आणि २०२१ चा पूर आधी आठवायचा. सीटबेल्ट पार शेवटपर्यंत ओढा, मुळाशी गाळाचा डाग लपत नाही. स्टेपनी उचलून खालचा खड्डा बघा, सीटच्या रुळांवरचा गंज बघा. विम्याच्या क्लेमची माहिती मागाच. (एजंट 'कोल्हापूरची गाडी आहे' म्हणेल. तिथं काय पूर नव्हता?) सीएनजी हवी असेल तर डिकी विसरा, टाकी तिथंच बसते. घरात लहान पोरं असतील तर मात्र नवीच घ्या, बेसलाही सहा एअरबॅग आहेत.