मेंदूच्या नसांना सूज : आधी बायोप्सी की आधी स्टिरॉइड?

काटोल_नाका
जरा लांबण लावतो, कारण दोन दिवसांपासून घरात यावरूनच भांडणं सुरू आहेत.

माझे साडू, वय ४६, काटोलकडे संत्र्याची बाग. एप्रिलच्या शेवटी डोकं दुखायला लागलं. मग ठिबकचा एकच व्हॉल्व्ह सकाळी दोनदा सोडून आले. मजुरांचा हिशेब चुकता केला की नाही, आठवेना. ४५ डिग्रीत साऱ्या गावाचं निदान एकच : ऊन लागलं. कैरीचं पन्हं झालं, दोन सलाईन झाल्या, खिशात कांदाही ठेवून झाला. तिसऱ्या आठवड्यात उजव्या हातातून चहाचा कप निसटला तेव्हा कुठे नागपूर गाठलं.

एमआरआयमध्ये मेंदूच्या दोन्ही बाजूंना रक्तपुरवठा तुटल्याचे छोटे डाग, काही जुने, काही ताजे. मग डीएसए, म्हणजे तार घालून करतात ती अँजिओग्राफी. त्यात नसा कुठे बारीक, कुठे फुगलेल्या, माळेतल्या मण्यांसारख्या. डॉक्टर म्हणतात, व्हॅस्क्युलायटिस असावा, रक्तवाहिन्यांच्या भिंतींनाच सूज. पण औषधाआधी पाठीचं पाणी काढायचं आणि कवटीला भोक पाडून मेंदूचा तुकडा तपासायचा.

माझं मत : पाणी काढा, बायोप्सी नको. ही सूज सलग नसते, ठिगळाठिगळानं असते. चारातल्या एका पेशंटला आजार असूनही तुकड्यात काही सापडत नाही. कॅलाब्रीज आणि मॅलेक या अमेरिकन डॉक्टरांनी १९८८ मध्ये या आजाराचे निकष मांडले, त्यातही 'अँजिओ किंवा बायोप्सी' असंच आहे. 'किंवा' असताना कवटी उघडायची कशाला? स्टिरॉइड आजच सुरू करा ना.

धंतोलीचा_जाम
'किंवा' बरोबर वाचलंत आणि पुढची ओळ सोडलीत. दुसऱ्या कुठल्याही आजारानं असं चित्र दिसत नाही, याची खात्री करा, असं त्याच निकषांत आहे. नसांची मण्यांची माळ काही एकट्या व्हॅस्क्युलायटिसची मक्तेदारी नाही. नसांत चरबी साचली तरी तशीच दिसते. आरसीव्हीएस नावाचा प्रकार आहे, त्यात नसा नुसत्या आखडतात आणि साधारण तीन महिन्यांत आपोआप सुटतात. तिथे स्टिरॉइड दिलं तर पेशंट बिघडू शकतो. (त्यातली डोकेदुखी वीज कोसळल्यासारखी, एका मिनिटात शिगेला जाणारी. तुमच्या साडूंची तशी वाटत नाही, हे मान्य.)

२००९ मध्ये बर्नबॉम आणि हेलमन यांनी तर स्पष्टच फरक केला : तुकड्यात दिसला तो 'निश्चित', अँजिओ, एमआरआय आणि पाण्यावरून ठरवला तो 'संभाव्य'. या 'संभाव्य'वर माणसाला स्टिरॉइडसोबत महिनोन्‌महिने सायक्लोफॉस्फामाइड द्यायला तुम्ही तयार आहात? ते कॅन्सरचं औषध आहे. पांढऱ्या पेशी पडतात, लघवीतून रक्त जाऊ शकतं.

वॉर्डातली_सिस्टर
वीस वर्षं ड्युटी करते आहे, म्हणून एवढंच सांगते. आमच्याकडे बायोप्सीपर्यंत गोष्ट जातच नाही, नातेवाईक पाठीच्या पाण्यावरच अडतात. "पाणी काढलं की माणूस लुळा पडतो" हे कुठल्या तरी मावशीनं सांगितलेलं असतं. सुई जिथे घालतात तिथे मज्जारज्जू नसतोच, तो वरच संपतो. पेशंटला कुशीवर घेतो, गुडघे पोटाशी, हनुवटी छातीला, आणि थेंब थेंब तीन-चार बाटल्यांत धरतो. नंतर डोकं दुखतं काहींचं, तेही पडून राहिलं की कमी होतं. पाणी काढण्याआधी एमआरआय बघतातच. काटोलवाले दादा, तुम्ही पाण्याला हो म्हणालात, निम्मं काम केलंत.

शंकरनगर_७१
मी काटोलवाल्यांच्या बाजूनं. माझ्या पत्नीला हेच निघालं होतं. बायोप्सी केली नाही. पाच दिवस रोज एक ग्रॅम मिथाइलप्रेडनिसोलोन, म्हणजे स्टिरॉइडच, सलाईनमधून, मग गोळ्या. तिसऱ्या दिवशी तिनं मला नावानं हाक मारली. आमच्या पिढीत बायको नवऱ्याला नावानं हाक मारत नाही, त्यामुळे आधी घाबरलोच! आज ती स्वयंपाक करते. साखर ३८० वर गेली होती, तोंड सुजलं, रात्र रात्र झोप नाही, हे सगळं झालं. पण डोक्याला भोक नाही.

धंतोलीचा_जाम
काका, वहिनी बऱ्या झाल्या, आनंदच आहे. पण तो लिम्फोमा, म्हणजे एक प्रकारचा कॅन्सर, असता तरी तिसऱ्या दिवशी असंच बरं वाटलं असतं. स्टिरॉइडनं तो काही काळ विरघळतो, एमआरआय छान दिसतो, आणि नंतर बायोप्सी केली तर हाती काही लागत नाही. म्हणून तर तुकडा आधी घ्या म्हणतात.

झाडीपट्टीचा_भाऊ
थे ऊन लागल्याचं सोडा, आमच्याकडे तर आधी देवाचंच करते लोक. पण मले एक सांगा, टीबी पाह्यला का? विदर्भात राहून टीबी विसरता काऊन? मेंदूच्या आवरणाच्या टीबीत नसा सुजते, बंद पडते. माझ्या भाच्याले तसंच झालं. त्यालेबी स्टिरॉइड देल्लं, पण एकेटीसंगं, म्हंजे टीबीच्या औषधांसंगं. टीबी असून नुसतं स्टिरॉइड देल्लं तर टीबीले मोकळं रानच. अन् सिकलसेलची, थ्या रक्ताच्या आजाराची, तपासणी? आपल्याकडे घरोघरी पेशंट आहेत, त्याच्यातबी मेंदूच्या नसा बारीक होते. थ्या तपासणीले कवटी उघडा लागत नाई, बोटभर रक्त लागते.

काटोल_नाका
भाऊ, सिकलसेल निगेटिव्ह, एचआयव्ही निगेटिव्ह. ईएसआर, सीआरपी या सूज दाखवणाऱ्या रक्ताच्या तपासण्याही नॉर्मल, त्यावरून मेहुणा म्हणाला "सूज असती तर रक्तात आली असती". सिस्टर, खरं आहे का?

वॉर्डातली_सिस्टर
नाही दादा. सूज फक्त मेंदूतल्याच नसांना असेल तर रक्ताचे रिपोर्ट बहुतेकदा नॉर्मलच येतात. खरं कळतं पाण्यात, तिथे प्रोटीन आणि पेशी वाढलेल्या दिसतात.

काटोल_नाका
पाण्याचा रिपोर्ट आला. प्रोटीन १२०, पेशी ४०, म्हणजे दोन्ही वाढलेलं, आणि पेशी बहुतेक लिम्फोसाइट (पांढऱ्या पेशींचा एक प्रकार). टीबीची जीन टेस्ट निगेटिव्ह.

धंतोलीचा_जाम
जीन टेस्ट निगेटिव्ह आली म्हणून मेंदूचा टीबी नाहीच, असं होत नाही, त्या टेस्टमधून टीबी निसटू शकतो. आणि लिम्फोसाइट टीबीतही, व्हॅस्क्युलायटिसमध्येही. म्हणजे तुम्ही होतात तिथेच आहात. ताजा डाग वरवर, कवटीच्या जवळ आहे का? असेल तर तिथला तुकडा घेणं सोपं, आणि सापडण्याची शक्यताही जास्त. आंधळेपणानं कुठलाही तुकडा घ्यायचा म्हणत असतील तर मीही तुमच्यासोबत 'नाही'च म्हणेन.

शंकरनगर_७१
शेवटी आलात ना आमच्याकडे!

धंतोलीचा_जाम
अर्ध्या रस्त्यापर्यंत, काका.

काटोल_नाका
उजव्या बाजूचा पुढचा डाग वरवरचा आहे म्हणाले. मला अजून पटलेलं नाही, पण मेहुणीनं, साडूंच्या बायकोनं, बायोप्सीच्या कागदावर सही केली. त्याआधी उद्या दुसऱ्या न्यूरोवाल्यांकडे मत घ्यायला जातोय.

वॉर्डातली_सिस्टर
कागदाचा रिपोर्ट नेऊ नका नुसता. डीएसए आणि एमआरआयची सीडी मागून घ्या, आणि तिथूनच निघण्याआधी एकदा कॉम्प्युटरवर लावून बघा. रिकामी सीडी घेऊन रामदासपेठेपर्यंत आलेले लोक मी पाहिलेत.