इमारतींवरची सालं टिपून काय मिळणार?

ठाकूरद्वार_नाका

पावसाळा सोडला तर गेली दोन वर्षं दर रविवारी सकाळी माझा एकच उद्योग असतो. गिरगाव, काळबादेवी, भुलेश्वर भागात मान वर करून हिंडायचं आणि जुन्या इमारतींवर कोरलेली सालं वहीत उतरवायची. बायको म्हणते, मान दुखते म्हणून आयोडेक्स लावता आणि परत तेच करता. खरंय.

हे काम वाटतं तितकं सरळ नाही. या भागात एकाच गल्लीत चार पंचांगं नांदतात. मराठी माणसाने बांधली तर शके, गुजराती शेठने बांधली तर संवत, पारशी मालक असेल तर यज्दगर्दी साल, मुसलमान मालक असेल तर हिजरी. १८९४च्या फेब्रुवारीत चौघांनी चार दगड बसवले असते, तर त्यांवर १८१५, १९५०, १२६३ आणि १३११ असे आकडे आले असते. शकात ७८ मिळवायचे, जानेवारी ते फाल्गुन असेल तर ७९. दिवाळीला बदलणाऱ्या कार्तिकी संवतातून बहुतेक महिन्यांसाठी ५६ वजा, दिवाळी ते डिसेंबर ५७. पारशी सालात ६३० किंवा ६३१ मिळवायचे. हिजरी वर्ष ३५४-३५५ दिवसांचं, त्यामुळे तिथे नुसती बेरीज चालत नाही, कोष्टकच लागतं. शिवाय गुजराती पाच आपल्याला ‘प’ वाटतो. पहिले सहा महिने मी त्याला मालकाचं आद्याक्षर समजत होतो!

काळ्या दगडातलं साल टिकतं. पोरबंदरी दगड मऊ, त्याची कडा पावसाने झिजते. सगळ्यात वाईट अवस्था गच्चीच्या कठड्यावर चुन्यात उठवलेल्या आकड्यांची. दर रंगकामाला एक थर चढतो आणि ३ चा ८ होतो. मग तिरप्या उन्हात जायचं, नाहीतर बाजूने बॅटरी मारायची. खडू किंवा पीठ चोळून आकडे उठवू नका, घासून तर मुळीच साफ करू नका.

एवढा खटाटोप का? एका रस्त्यावरची सालं शेजारी शेजारी लावली की रस्ता कधी कापला ते दिसायला लागतं. १८९६च्या प्लेगनंतर १८९८ साली शहरसुधारणेसाठी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट आला आणि त्याने दाट वस्ती फोडून प्रिन्सेस स्ट्रीट, सँडहर्स्ट रोड काढले. अशा रस्त्यावरून एक गल्ली आत शिरा, सालं मागे जातात.

पुनर्विकास थांबवा असं मी म्हणत नाही. पाडायची तर पाडा, पण आधी साल, लिपी, जागा आणि फोटो एवढी नोंद करून मग पाडा. पाडणाऱ्यावर तसं बंधनच असावं, असं माझं मत आहे.

तिसरा_मजला

बंधन! वा. आधीची बंधनं कमी होती.

साहेब, मी अशाच एका इमारतीत राहतो. चार बिऱ्हाडांत एक संडास, जिन्याला टेकू, गॅलरीत एका वेळी दोघांपेक्षा जास्त उभं राहायचं नाही असा आईचा नियम. मुंबईत सालाचा अर्थ एकच: १ सप्टेंबर १९४० च्या आधीची इमारत असेल तर उपकरप्राप्त (म्हणजे दुरुस्तीसाठी उपकर भरणाऱ्या) इमारतींच्या ‘ए’ गटात, १९५० पर्यंत ‘बी’, पुढे ३० सप्टेंबर १९६९ पर्यंत ‘सी’. आमची उताऱ्यावर १९२६, म्हणजे ‘ए’. विषय संपला.

तुमच्यासारखे कॅमेरा गळ्यात घालून आले की आमच्याकडे आठ दिवस कुजबुज चालते. हेरिटेजमध्ये टाकणार, आता काही होत नाही. बिल्डर आधीच चार वर्षं तारखा देतोय, त्याला आणखी एक निमित्त. तुमची वही भरते, आमची म्हातारी माणसं वाट बघत जातात.

ठाकूरद्वार_नाका

तुमचा राग समजतो, पण तो चुकीच्या माणसावर निघतोय. हेरिटेजची यादी सरकारी, १९९५च्या नियमावलीपासूनची. वहीत साल लिहिल्याने कुठलीही इमारत त्यात जात नाही. आणि दगड निदान खरं बोलतो, बिल्डरसारखं नाही.

कोबा

दगड खरं बोलतो? मी जुन्या इमारतींच्या दुरुस्तीचं काम करते, मला हसू आलं.

गेटवे ऑफ इंडियावर काय कोरलंय ते जाऊन बघा. रोमन आकड्यांत १९११. ती तारीख पंचम जॉर्ज आणि मेरी राणी इथे उतरल्याची. त्या दिवशी हा गेटवे तिथे नव्हताच. पायाभरणी ३१ मार्च १९१३ ची, खुला झाला १९२४ ला. शंभर वर्षांनी तुमच्यासारखा कोणी वहीत ‘गेटवे, १९११’ लिहून मोकळा होणार.

साध्या घरांचं तर विचारू नका. बापाच्या नावाने बसवलेली शिळा, जुन्या घरातून काढून नव्या भिंतीत चिणलेली शिळा, वरचे दोन मजले चढवल्यावरची शिळा. एकाने मला मंगळुरी कौलावरचं १८६५ दाखवून घराचं वय सांगितलं होतं. अहो, ते बासेल मिशनच्या कारखान्याचं साल! उलट ज्याकडे कोणी बघत नाही तो पुरावा चांगला. छताच्या गर्डरवर डॉर्मन लाँग, मिडल्सब्रो असा ठसा असेल तर तेवढा भाग १८७५ च्या आधीचा असूच शकत नाही, ती पोलादाची कंपनीच तेव्हा सुरू झाली.

नोंद करायचीच तर कागदांची करा. असेसमेंटचा म्हणजे मालमत्ता कराचा उतारा, मंजूर नकाशे. शिळेवर मालकाची हौस असते, कागदावर कर असतो.

पेठेतला

मुंबईकरांच्या भांडणात पुण्याचं नाक. सोमवार पेठेतलं त्रिशुंड गणपतीचं मंदिर घ्या. दोन लेख संस्कृतात, एक फारसीत. काम १७५४ ला सुरू, १७७० ला पुरं. वहीत कुठलं साल घालणार? कोबाताई, यातला एकही लेख तुमच्या असेसमेंटला मिळणार नाही. तिथे दगडच कागद आहे. तेव्हा सरसकट निकाल देऊ नका.

माझा आक्षेप वेगळा आहे. नोंद करा, पण नेमकी जागा सगळ्यांना दिसेल अशी टाकू नका. आमच्याकडे वाडा रिकामा झाला रे झाला की आधी दारावरची गणेशपट्टी जाते, मग चौकट, मग तुळयांखालचे कोरीव हस्त. कोणत्या गल्लीत काय आहे याची आयती यादी कशाला पुरवायची?

ठाकूरद्वार_नाका

जागेशिवाय साल म्हणजे पत्त्याशिवाय पाकीट. तरी तुमचं अर्धं ऐकतो. जिन्यातल्या, अंगणातल्या शिळांची जागा गल्लीपुरतीच देईन, घर नाही. रस्त्यावरून दिसतं ते मात्र सगळ्यांचं.

कोबा, गेटवेचा मुद्दा मान्य. आजपासून वहीत एक रकाना वाढवतो: ‘साल कशाचं?’ पायाभरणी, पूर्ती, स्मारक, की माहीत नाही. बहुतेक ठिकाणी ‘माहीत नाही’च येणार. पण शिळा वाचायचीच नाही हे पटत नाही. कागदही माणसानेच लिहिला ना?

कोबा

वाचा की. पण नवीन टॉवरच्या लॉबीत ग्रॅनाइटमध्ये जुनी शिळा चिकटवतात, त्याला जतन म्हणू नका. ज्या भिंतीचं ते साल होतं ती भिंत डंपरमध्ये गेली.

पेठेतला

डंपरमध्ये शिळाही जाण्यापेक्षा लॉबी बरी.

तिसरा_मजला

तुमचं वाचून काल रात्री आईला सहज विचारलं. ती म्हणाली, खालच्या जिन्यापाशी मीटरच्या पेट्यांच्या मागे काहीतरी लिहिलेला दगड आहे, लग्न होऊन आली तेव्हा दिसायचा. मोबाईलची बॅटरी लावून बघितलं. आहे. चार आकडे, गुजराती असावेत. पहिले तीन १२६. चौथा पेटीच्या पत्र्याखाली गेलाय. मूळ मालक पारशी होता म्हणतात. आमची १९२६ ना?

ठाकूरद्वार_नाका

१२६०-६९ पारशी साल असेल तर १८९० ते १९००! पत्रा काढू नका, वायरी आहेत तिथे. चौथा आकडा कडेने तरी दिसतो का?

कोबा

थांबा. शिळा दुसरीकडून आणलेली असू शकते. नाहीतर खालचे मजले जुने आणि १९२६ ला वर बांधकाम चढलं असेल, उतारा तेव्हाचा. जिन्याची खालची आणि वरची पायरी सारखी आहे का बघा. दगडी आणि लाकडी असा फरक आहे का?

तिसरा_मजला

पहिल्या मजल्यापर्यंत दगडी. पुढे लाकडी.

१८९० असो नाहीतर १९२६, आम्ही ‘ए’च, तेव्हा माझं मत तेच आहे. रविवारी या हवं तर. सातच्या आत या, नंतर पाणी येतं आणि तिथे बादल्या लागतात. कॅमेरा पिशवीत ठेवा.