सॉलिड स्टेटची वाट बघत थांबायचं का?
या चर्चेत एकाने लिहिलंय की सॉलिड स्टेट बॅटरी (आत द्रवाऐवजी घन पदार्थ असलेली नवी बॅटरी) येतेय, तोवर ईव्ही घेऊच नका. मला नाही पटत, नव्या बॅटरीचा गाजावाजा झाला तरी ती हातात यायला वर्षं लागतात. टेस्लाचंच बघा, त्यांनी ४६८० नावाचा नवा मोठा बॅटरी सेल सप्टेंबर २०२० मध्ये दाखवला, बॅटरीचा खर्च निम्म्याहून खाली आणू म्हणाले, पण त्यातला ड्राय इलेक्ट्रोड (ओलं द्रावण न वापरता कोरड्या पावडरीपासून बनवलेला सेलमधला थर) कारखान्यात मोठ्या प्रमाणावर बनवतानाच वर्षं गेली आणि ते काम बघणारा ड्रू बॅग्लिनो २०२४ मध्ये कंपनी सोडून गेला. मधल्या काळात साध्या एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) बॅटरीने बाजी मारली, निकेल-कोबाल्ट नाही म्हणून स्वस्त, आपल्या टाटा नेक्सॉन ईव्हीमध्ये तीच आहे.

खरा घोळ किमतींचा आणि कंपनी टिकण्याचा. जानेवारी २०२३ मध्ये टेस्लाने अमेरिकेत काही मॉडेलचे दर २० टक्क्यांपर्यंत उतरवले, आदल्या महिन्यात घेतलेल्यांनी काय करायचं? फिस्कर ही अमेरिकन ईव्ही कंपनी तर २०२४ मध्ये दिवाळखोरीतच गेली, मग पार्ट आणि सॉफ्टवेअर अपडेट कुणाकडे मागणार, गाडी दारात आणि कंपनी गायब.

म्हणून गोव्यात घेणाऱ्यांनी रेंजच्या आधी म्हापसा, फोंडा, मडगावला त्या कंपनीचं ईव्ही शिकलेलं वर्कशॉप आहे का ते बघा, बॅटरी वॉरंटीचा कागद नीट वाचा, आणि जुनं घर असेल तर चार्जर बसवायच्या आधी इलेक्ट्रिशियनकडून अर्थिंग तपासून घ्या, पावसाळ्यात त्यात हयगय नको.