विषय: नळाला चटका बसेल इतकं गरम पाणी (अर्जंट)

सुनीता, लोअर हट (न्यूझीलंड)
मंडळी, शनिवारी लेक नातवाला घेऊन येतेय आणि बाथरूमच्या नळाखाली हात धरवत नाही. दिवाळीच्या वेळी ज्या प्लंबरचा नंबर फिरत होता तो कुणाकडे आहे का? गरम पाण्याचा सिलिंडर जुना तांब्याचा आहे, त्याला पाणी देणारी टाकी छपरात. आमचे हे म्हणतात थर्मोस्टॅट 50 वर आणला की झालं, प्लंबर कशाला.

मिलिंद
सुनीताताई, 50 वर अजिबात आणू नका, 60च्या खाली साठवलं की लिजिओनेला (न्यूमोनियासारखा आजार करणारा जिवाणू) वाढू शकतो. साठवायचं 60 लाच, आणि नळाकडे जाताना टेम्परिंग व्हॉल्व्ह थंड मिसळून 50 च्या आसपास आणतो. 60 चं पाणी मोठ्या माणसालाही पाचेक सेकंदात भाजतं, बाळाचं तर विचारूच नका. आणि भावोजींना स्क्रूड्रायव्हर घेऊन झाकण उघडू देऊ नका, आत 230 व्होल्ट असतात.

प्रकाशकाका
कसला बाऊ करतोस रे. आम्ही पुण्यात बंबाच्या पाण्यात विसण घालून आंघोळ करत मोठे झालो, कुठला व्हॉल्व्ह नि कुठलं काय.

मिलिंद
काका, बंबातलं पाणी तासाभरात संपायचं. इथे कोमट पाणी दिवसेंदिवस साठून राहतं.

वैशाली, मास्टरटन
बंबावरून आठवलं, ज्यांच्या वुडबर्नरला (लाकडाच्या शेगडीला) वेटबॅक, म्हणजे त्याच आगीवर सिलिंडरचं पाणी तापवणारी जोडणी, आहे त्यांनी थर्मोस्टॅटच्या भरवशावर राहूच नये, तो फक्त विजेचा एलिमेंट बंद करतो, लाकडं जळतायत तोवर पाणी तापतच राहतं. आमच्याकडे जुलैत नळातून वाफा यायच्या!! आता व्हॉल्व्ह आहे.

खजिनदार
प्लंबरची यादी सभेत ठरल्याप्रमाणे माझ्याकडे आहे. कृपया इथे नंबर टाकू नयेत, मागच्या वेळचा घोळ सगळ्यांना माहीत आहे. सुनीताताई, तुम्हाला वेगळं कळवते.

सुनीता
नंबर मिळाला, थँक्यू. प्लंबर विचारतोय लो प्रेशर की मेन्स प्रेशर (थेट रस्त्यावरच्या नळजोडणीच्या दाबाचं), ते कसं ओळखायचं?

मिलिंद
छपरातल्या टाकीतून पाणी येतंय म्हणजे लो प्रेशर. व्हॉल्व्हही लो प्रेशरचाच सांगा, मेन्सचा बसवला तर शॉवरची धार करंगळीएवढी होईल. सध्या पाणी 60च्याही वर असेल, म्हणजे थर्मोस्टॅट गेलेला असू शकतो, तो इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या. शनिवारपर्यंत नाही जमलं तर टबात आधी थंड, मग गरम, आणि कोपर बुडवून बघायचं.

प्रकाशकाका
म्हणजे विसणच की.

वैशाली
काका 😀 बाय द वे, तुमचा बंब अजून पुण्यात आहे का? प्रदर्शनाच्या स्टॉलला हवा होता.