मदत हवी आहे: नवरात्र, सहामाही आणि किशोरी खो-खो, सगळं एकाच आठवड्यात

नमस्कार मंडळी,

कर्वेनगर भागात चौदा वर्षांखालच्या मुलींचा खो-खो घेते. पेशाने प्रशिक्षक नाही. शाळा-कॉलेजात खेळले, तेवढंच भांडवल. दिवसा औंधला हिशेबाची नोकरी, संध्याकाळी गळ्यात शिट्टी. दसऱ्यानंतरच्या रविवारी मुलींची स्पर्धा आहे आणि नेमका त्याच्या आधीचा आठवडा असा आलाय की कुठून सुरुवात करावी कळत नाही.

पहिली अडचण जागेची. आम्ही खेळतो त्या मैदानावर दांडियाचा मांडव पडलाय. कार्यकर्ते ओळखीचे, वर्गणीही मी दिलेली, त्यामुळे भांडायचीही सोय नाही. १९१४ साली डेक्कन जिमखान्याने ज्या पुण्यात या खेळाचे नियम बांधले, त्या पुण्यात मी दोन खांब रोवायला जागा मागत फिरतेय! सध्या कॉलनीतला एक मोकळा प्लॉट मिळालाय, पण लांबीला मैदानाच्या निम्मासुद्धा नाही. त्यात चतुःशृंगीची जत्रा, म्हणजे सेनापती बापट रस्ता विसरायचा. पाषाणवरून वळसा घालून पोचेपर्यंत साडेपाच होतात आणि सव्वासहाला अंधारून येतं. त्यातून परतीचा पाऊस नसेल तर.

दुसरी अडचण उपासांची, आणि खरं तर याचसाठी धागा काढतेय. संघातल्या चौघी नऊ दिवसांचे उपास करताहेत. एकीने चप्पलही सोडलीय. (मैदानावर तशा सगळ्याच अनवाणी असतात, पण ही पोर तापलेल्या डांबरावरून चालत येते.) सकाळी साबुदाण्याची खिचडी, दुपारी वेफर्स, की थेट माझ्यासमोर. पहिली दोन आक्रमणं जोरात होतात, तिसऱ्याला बसलेल्या मुलीला खो मिळाला तरी उठवत नाही. आयांना ‘उपास करू देऊ नका’ असं मी सांगू शकत नाही. आमच्याही घरी घट आहेत, सासूबाई अजून उठता-बसता करतात आणि त्यांच्या मते ‘आम्ही नाही का केले’ या वाक्यापुढे चर्चा संपते.

तिसरं म्हणजे आमची सगळ्यात चांगली पळणारी मुलगी, जी पहिल्या तुकडीत (पळायला एका वेळी उतरणाऱ्या तिघींत) हमखास दोन मिनिटं काढते, ती अष्टमीला कुळधर्मासाठी तुळजापूरला जाणार. परत येणार दसऱ्याच्या रात्री. तिला अडवायचा प्रश्नच नाही, पण तिच्याशिवाय सराव कसा बसवू?

घरचं थोडक्यात सांगते. नवऱ्याची या आठवड्यात चाकणला रात्रपाळी. धाकट्याची सहामाही सुरू आहे, आणि गणिताचा पेपर अष्टमीच्या दुसऱ्या दिवशी. अष्टमीला सवाष्ण आणि कुमारिका जेवायला. सोसायटीच्या भोंडल्याची खिरापत माझ्याकडे, कारण मीटिंगला गेले नव्हते.

तर मंडळी, अर्ध्या प्लॉटवर पाऊण तासात नेमकं काय करून घेऊ? आणि उपासाच्या मुलींना मैदानावर येण्याआधी काय खायला सांगू, की पोटात आधारही राहील आणि घरात वादही होणार नाही?

मैदानावरचा मास्तर:
ताई, आता नवीन काही शिकवू नका. शेवटच्या आठवड्यात शिकवलेलं सामन्यात हमखास गोंधळ घालतं.

अर्धा प्लॉट पुरे. एकच खांब रोवा, त्याच्या अलीकडे चार पाट्या (मुली बसतात त्या आडव्या पट्ट्या) आखा आणि फक्त तेवढंच घोटा. या वयात गुण जातात ते खांबापाशीच. पाठलाग करणारी वेगात येते, खांबाला वळताना तोल जातो किंवा वळायच्या आधीच खो देऊन मोकळी होते, आणि पळणारी मजेत पलीकडे. दुसरं म्हणजे फाऊल. हात लागायच्या आधी उठणं, हात लावून ‘खो’ न म्हणणं, मधली पट्टी ओलांडणं. फाऊल झाला की पंच उलट्या दिशेला पाठवतात आणि हाताशी आलेली पळणारी निसटते. सात मिनिटांच्या पाळीत असं चार-पाच वेळा झालं की संपलंच. प्रत्येक सरावात एक मुलगी पंच म्हणून उभी करा आणि फक्त फाऊल मोजायला सांगा. मुली एकमेकींचे फाऊल आपल्यापेक्षा निर्दयपणे पकडतात.

तुळजापूरवालीला दुसऱ्या तुकडीत टाका. प्रवासाने पाय जड असतात, पहिल्या मिनिटाला बाद झाली तर बाकीच्यांचं अवसान जातं. तुकड्यांचा क्रम पाळी सुरू होण्याआधी गुणलेखकाला द्यावा लागतो, तेव्हा तो आजच ठरवा आणि मुलींना आजच सांगा. पहिल्या तुकडीत जिला घालाल तिला उरलेले सगळे सराव तिथेच पळवा.

धागाकर्ती:
पटलं. पण मुलींच्या डोक्यात वेगळंच आहे. जानेवारी २०२५ ची वर्ल्ड कपची फायनल त्यांनी मोबाईलवर इतक्यांदा पाहिलीय की नेपाळविरुद्धचा ७८-४० हा स्कोअर पाढ्यासारखा पाठ आहे. प्रत्येकीला आपली कर्णधार प्रियांका इंगळे व्हायचंय. मला रोज ‘ड्रीम रन’चे (तुकडी बराच वेळ बाद न होता टिकली की मिळणारे) गुण विचारतात, आणि आमच्या स्पर्धेत तसे वेगळे गुण नाहीत म्हटलं की तोंडं पडतात. शिवाय सगळ्यांना आकाशीय सूर, म्हणजे हवेत झेप घेऊन गडी टिपायचा सूर, मारायचाय.

मैदानावरचा मास्तर:
ती फायनल मॅटवर होती. मुरमावर सूर मारून गुडघे सोलले तर पुढच्या आक्रमणाला कोण बसणार? तुमच्या दोघी-तिघींना आधीपासून जमत असेल तर त्यांनाच मुभा द्या. बाकीच्यांना खांब एका हाताने घट्ट धरून दुसरा हात लांबवणं जमलं तरी निम्मे गडी मिळतील.

पेठेतली काकू:
उपासाचं मी सांगते. आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या धान्यफराळ आहे. धान्य आधी भाजून घ्यायचं आणि त्याच्याच पिठाच्या पोळ्या-भाकऱ्या नऊ दिवस खायच्या. उपास उपासाच्या जागी आणि पोरीच्या पोटात पोळी. आयांना ‘उपास सोडा’ म्हणू नका, ‘धान्यफराळ चालेल का’ विचारा. निम्म्या घरांतल्या आज्याच म्हणतील, हो हो, आमच्याकडेही असाच असायचा.

ज्यांना नाहीच चालत, त्यांनी साबुदाणा एक वेळ करावा. दुपारी भगर आणि दाण्याची आमटी, चार वाजता उकडलेलं रताळं किंवा केळं. मैदानावर तुम्ही राजगिऱ्याचे लाडू आणि सैंधव घातलेलं लिंबाचं सरबत ठेवा. ऑक्टोबरच्या उन्हात घाम फार जातो. आणि कुणाला गरगरलं तर तिला त्या दिवशी पळवायचं नाही, गुण लिहायला बसवायचं. यात देवीचा राग-लोभ काही नाही.

चप्पल सोडलेल्या मुलीला तिच्या वडिलांनी गाडीवरून सोडावं. नवस पायांचा आहे, गाडीचा नाही.

कोथरूडकर:
जागेसाठी इतकं हिंडायचं कारणच काय? दांडिया रात्री असतो, सकाळी त्या मांडवात कुत्री झोपलेली असतात. सुट्टीच्या दिवशी सकाळी साडेसहाला मुलींना बोलवा. अध्यक्षांना एवढंच सांगा की अष्टमीला स्टेजवर संघाचा सत्कार तुमच्या हस्ते करू या. आपल्याकडे सत्काराला नाही म्हणणारा अध्यक्ष अजून जन्माला यायचाय. खुर्च्या ते स्वतः उचलून देतील. खांबांसाठी आधीचे खड्डे वापरा, नवे खणू नका.

खिरापतीला डाळिंबाचे दाणे. करायला काही नाही, उपासाला चालतात, आणि भोंडल्याच्या बायका करंजीपासून सुरुवात करतात, त्यामुळे लवकर कुणाला ओळखूही येत नाही.

धागाकर्ती:
कोथरूडकर, अध्यक्ष हो म्हणाले! सत्काराबरोबर शालींचाही विषय निघाला, तो मी टी-शर्टांवर वळवला. दसऱ्याच्या सकाळी पूर्ण मैदान मिळतंय, फक्त साडेआठला झेंडूचे हार लावायला माणसं येणार, तेवढ्यात आटपायचं.

काकू, धान्यफराळाला दोन घरं तयार झाली. तिसरीची आई म्हणाली विचारून सांगते. चौथीकडे भगरच. सासूबाईंनी हा धागा वाचून घेतला आणि राजगिऱ्याचे लाडू मी वळते म्हणाल्या. त्यामुळे अष्टमीचा स्वयंपाक आता माझ्या एकटीवर आहे. गणिताचं मात्र कुणीच काही सुचवलं नाही, तेव्हा धाकटा मैदानाच्या कडेला सतरंजीवर बसून अपूर्णांक सोडवतोय आणि मधूनमधून शिट्टी मागतोय.

आता एक शेवटचं, मास्तर. पहिल्या तुकडीत जिला घालतेय ती एकेरी साखळी (बसलेल्या मुलींमधून नागमोडी पळणं) छान पळते, पण खांबाजवळ आली की घाबरून मैदानाबाहेर जाते आणि आपली आपण बाद होते. एवढ्या दिवसांत तिला खांबापासून लांबच पळवू, की खांबाजवळच उभी करून भीती मोडू?