प्रतिसाद : नागरिकशास्त्र दहावीला की बारावीला?

मुलांना नागरिकशास्त्र 'दहावीला की बारावीला' शिकवावं, यावर वरची चर्चा अडली आहे. माझ्या मते दोन टप्पे करा. तेराव्या-चौदाव्या वर्षी ग्रामपंचायत, राज्यघटना सोळाव्यानंतर. उलटं केलं की मुलं कलमांचे आकडे पाठ करतात. पण सातबारा तलाठ्याकडे (आता ग्राम महसूल अधिकारी) आणि घराचा नमुना 8 (घराच्या कर आकारणीचा उतारा) ग्रामसेवकाकडे (आता ग्रामपंचायत अधिकारी) का, हे सांगता येत नाही.

सुरुवात घराच्या करपावतीपासून करा. घरपट्टी, पाणीपट्टी, दिवाबत्ती कर वेगळे काढायला लावा. मग 15 ऑगस्ट किंवा 2 ऑक्टोबरची ग्रामसभा. मुलांना मत नाही, पण मागे बसून हजेरी मोजता येते. गणपूर्ती (सभेला लागणारी किमान हजेरी) एकूण मतदारांच्या 15 टक्के किंवा 100, यांपैकी कमी असेल ती. ती झाली नाही की सभा तहकूब, आणि तहकूब सभेला गणपूर्तीच लागत नाही! लोकशाहीचा निम्मा धडा इथंच होतो. (1 मेची सभाही चालेल, पण आपल्याकडचं ऊन पाहून ठरवा.)

गडचिरोली-मेळघाटातल्यांनी 1996 चा पेसा कायदा (आदिवासी भागातल्या ग्रामसभांना अधिकार देणारा) आणि गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावाचे सामूहिक वनहक्क आधीच घ्यावेत.

एनआयओएसच्या (राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था) दहावीला किमान वय 14 लागतं; सामाजिक शास्त्र घेतलं असेल तर पहिला टप्पा परीक्षेआधीच्या वर्षात बसवा. बारावीला राज्यशास्त्र घ्या. सतरा पूर्ण झाले की मतदारनोंदणीचा नमुना 6 आगाऊ भरता येतो, तो मुलांनाच भरू द्या.